खाऱ्या पाण्याखालचा खडक: विजेने केलेली चाचपणी

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. फळ्यावरच्या आकृत्या इथे देता आल्या नाहीत. त्यांच्या जागी थोडे वर्णन घातले आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आहेत.)

आजचा विषय नावाला अवघड वाटतो, पण त्याची सुरुवात एका साध्या अडचणीपासून होते. पाणबुडी पाण्याखाली गेली की तिला रेडिओ ऐकू येत नाही. आकाशवाणीच्या मध्यम लहरी साधारण दहा लाख हर्ट्झच्या असतात. त्या समुद्राच्या पाण्यात शिरल्या की जेमतेम पाव मीटर जातात आणि तेवढ्यातच त्यांचा जोर एक तृतीयांशावर येतो. आणखी पाव मीटर गेलं की उरलेल्याचा पुन्हा एक तृतीयांश. एफएमच्या लहरींना तर त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर पुरतात. म्हणजे समुद्र हा विद्युतचुंबकीय लहरींचा शत्रूच म्हणायचा. मग चार किलोमीटर पाण्याच्या खाली, आणि तिथून पुढे आणखी कित्येक किलोमीटर खडकात काय आहे हे विजेने आणि चुंबकत्वाने शोधायचं, ही कल्पना कोणाला का सुचावी?

सुचली. आणि गंमत अशी की ज्या गुणामुळे समुद्र शत्रू वाटतो, त्याच गुणावर ही सगळी पद्धत उभी आहे. ते कसं, हे आज बघायचंय. दुसरंही एक सांगायचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. या पद्धतीने हाती येतो तो एक आकडा. त्या आकड्याला नाव द्यायचं काम माणसाचं असतं, आणि तिथे पैसा, पाणी, तेल असं बरंच काही पणाला लागलेलं असतं.

इंडक्शनची शेगडी आणि मातीचं भांडं

आपल्याकडे आता घरोघरी इंडक्शनची शेगडी असते. तिच्यावर स्टीलचं पातेलं ठेवलं की तापतं, मातीचं भांडं ठेवलं तर काहीच होत नाही. का? शेगडीतलं चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत वीज वाहायला लावतं, त्या विजेने धातू तापतो, आणि क्षेत्राची ऊर्जा तिथेच खर्च होते. मातीत वीज वाहतच नाही, त्यामुळे क्षेत्र तिच्यातून आरपार जातं.

समुद्राचं पाणी या बाबतीत पातेल्याच्या जातीचं आहे, खडक मातीच्या भांड्याच्या. हे मोजायला आपण 'रोधकता' हा शब्द वापरू. वीज वाहायला पदार्थ किती अडवतो, ते ओहम-मीटरमध्ये. समुद्राचं पाणी सुमारे ०.३ ओहम-मीटर. तळावरचा ओला गाळ १ ते २. तेलाने भरलेला वालुकाश्म काही दहा ते काही शेकडा. घट्ट बेसॉल्ट शेकड्यांत. खोलवरचे कोरडे, घट्ट खडक हजारांत. म्हणजे चार-पाच शून्यांचा फरक. ध्वनीचा वेग एका खडकातून दुसऱ्या खडकात फार तर काही पटींनी बदलतो. रोधकता हजारो पटींनी. म्हणून तर तिच्या मागे लागायचं.

आता एक सोपं गणित. रोधकतेला वारंवारतेने भागा, वर्गमूळ काढा, पाचशेने गुणा. जे उत्तर येतं तेवढ्या मीटरमध्ये लहरीचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास येतो. वारंवारता जितकी कमी, तितका शिरकाव खोल. म्हणून आपण लाखो हर्ट्झ सोडून एकदम खाली येऊ: पाव हर्ट्झ. म्हणजे चार सेकंदांत एक फेरा, आपल्या संथ श्वासासारखा. या वारंवारतेला समुद्राच्या पाण्यात शिरकाव साधारण ५५० मीटर. ओल्या गाळात एक किलोमीटर. शंभर ओहम-मीटरच्या खडकात दहा किलोमीटर.

इथे जरा थांबा, कारण सगळी किल्ली इथे आहे. समुद्रतळाजवळ एक विजेचा स्रोत आहे आणि तळावर पाच किलोमीटर दूर एक मापक बसवलाय. स्रोतापासून मापकापर्यंत यायला वाटा अनेक. पाण्यातून आलेला संकेत नऊ वेळा एक तृतीयांशाच्या वाटेने जातो आणि त्याचा आठ हजारावा भाग उरतो. गाळातून आलेल्याचा साधारण दीडशेवा भाग. आणि खाली रोधक खडकाचा थर असेल, तर त्यातून आलेला संकेत वाटेत अर्ध्याहून थोडा जास्तच शिल्लक राहतो. (अंतरामुळे होणारी घट सगळ्यांनाच आहे, ती मी बाजूला ठेवली.) तेव्हा लांबच्या मापकावर जे पोचतं, ते खडकातून आलेलं असतं. पाण्याने आपला आवाज आपणच गिळून टाकलेला असतो. जमिनीवर नेमकी उलटी परिस्थिती असते. तिथे वर हवा, आणि हवेतून संकेत सुखाने जातो, त्यामुळे खडकाची कुजबुज त्यात बुडते.

कुलाब्याहून अलिबागला

आवाज आणि कुजबुज यांचा विषय निघालाच आहे, तर मुंबईची एक गोष्ट सांगतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, त्याची जगातल्या मोजक्या उपयोगी नोंदींपैकी एक कुलाब्याची आहे. क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून आणि थोडी जमिनीतून परतते आणि तिचं चुंबकीय क्षेत्र अशा नाजूक मोजणीत गोंधळ घालतं. म्हणून नानाभाई मूस यांनी वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजणी केली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. ट्राम धावली १९०७ मध्ये. इतकी दूरदृष्टी सरकारी कामात क्वचितच दिसते, असो.

अलिबागला जे हेलकावे नोंदले जातात, त्यांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे पृथ्वीचं क्षेत्र सतत थरथरत असतं. ते थरथरणं जमिनीत वीज वाहायला लावतं. किती वीज वाहते हे खालच्या खडकावर अवलंबून. तेव्हा एकाच जागी विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही मोजली, त्यांचं गुणोत्तर काढलं, तर खालच्या खडकाची रोधकता कळते. हळू हेलकावे खोलची बातमी आणतात, जलद हेलकावे वरची. सोव्हिएत संघात तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. आपण तिला 'निसर्गाचा स्रोत' म्हणू, म्हणजे जिभेला त्रास नको.

हेच समुद्रतळावर करता येतं. पण चार किलोमीटर पाणी वर असेल तर तीन-चार मिनिटांपेक्षा जलद हेलकावे खाली पोचेपर्यंत क्षीण होतात. फक्त संथ हेलकावे उरतात, आणि ते थेट प्रावरणाची, म्हणजे कवचाच्या खालच्या जाड थराची बातमी देतात. मधल्या कवचाबद्दल मात्र ते फारसं बोलत नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले चार्ल्स कॉक्स यांनी याकडे दुसऱ्या बाजूने बघितलं. जलद हेलकावे पोचत नाहीत, म्हणजे त्या पट्ट्यात तळावर शांतता आहे. अलिबागपेक्षाही शांत. मग तिथे आपणच बोलावं. स्वतःचा स्रोत खाली न्यावा आणि त्या शांततेत ऐकावं. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या मध्यसागरी पर्वतरांगेवर, २१ अंश उत्तरेला, त्यांच्या गटाने हे करून दाखवलं. त्याच मोहिमेत तिथे समुद्रतळातून काळ्या धुरासारखं तापलेलं पाणी ओकणारी विवरं सापडली, आणि साहजिकच सगळी प्रसिद्धी त्यांना मिळाली.

प्रत्यक्षात काय करतात

यंत्र दिसायला अगदीच साधं आहे. खाली काँक्रीटचा ठोकळा, वर काचेचे पोकळ गोळे, मध्ये बॅटरी आणि नोंद करणारा संगणक, आणि चारी बाजूंना पसरलेले लांब प्लास्टिकचे दांडे. दांड्यांच्या टोकाला चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड. समोरासमोरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये साधारण दहा मीटर अंतर. चुंबकीय क्षेत्रासाठी वेगळी वेटोळी असतात. जहाजावरून हे नुसतं सोडून द्यायचं. काँक्रीटच्या वजनाने ते तळाला जाऊन बसतं. काम झालं की जहाजावरून ध्वनीचा ठराविक संकेत द्यायचा. यंत्र काँक्रीट सोडून देतं, काचेचे गोळे त्याला वर आणतात, आणि मग रात्री-अपरात्री लाटांमध्ये त्याचा लुकलुकता दिवा शोधायचा. खोल पाण्यातून वर यायला काही तास लागतात. एखादं येतच नाही.

स्रोत म्हणजे जहाजामागे तळापासून पन्नास-शंभर मीटर उंचीवर ओढत नेलेली लांब तार. तिची दोन टोकं उघडी, मधलं अंतर शंभर ते तीनशे मीटर. जहाजावरून जाड केबलमधून उच्च दाबाने वीज खाली पाठवतात, खाली दाब उतरवून शेकडो अँपिअरचा प्रवाह समुद्रात सोडतात. इतकं करून पाच किलोमीटरवरच्या मापकाच्या दोन टोकांत फरक पडतो तो व्होल्टच्या काही अब्जांश भागांचा. तोही एका फेऱ्यात दिसत नाही. तोच फेरा पुन्हा पुन्हा पाठवून सरासरी काढावी लागते.

यात समुद्र स्वतः ढवळाढवळ करतो. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहतं तेव्हा त्यातही वीज तयार होते. फॅरेडे यांनी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत धातूचे पत्रे सोडून हीच वीज मोजायचा प्रयत्न केला होता. जमली नाही, इतर कारणांनी येणारे विजेचे फरक जास्त होते. आज भरती-ओहोटीची वीज समुद्रतळावर सहज दिसते, आणि ती हिशेबातून काढून टाकावी लागते.

निसर्गाचा स्रोत आणि आपला स्रोत यांत एक फरक आहे, तो समजून घेतला तर पुढचं सोपं जाईल. एका परातीत मिठाचं पाणी घ्या आणि त्यात प्लास्टिकचा पातळ कागद आडवा बुडवा. वीज परातीच्या या कडेपासून त्या कडेला आडवी वाहवली, तर कागदाचा तिला पत्ताही लागत नाही; ती त्याच्या वरून-खालून निघून जाते. वीज वरून खाली वाहवली, तर कागद तिला सरळ अडवतो. निसर्गाच्या स्रोताने खडकात जी वीज वाहते ती बहुतांशी आडवी. म्हणून पातळ रोधक थर तिला जवळजवळ दिसत नाहीत, वाहक थर मात्र छान दिसतात. समुद्रात ओढलेली तार उभ्या दिशेनेही वीज वाहवते, म्हणून तिला पातळ रोधक थर दिसतात. तेलाचा साठा हा नेमका असाच असतो: काही किलोमीटर रुंद आणि जाडीला काही दहा मीटर.

तेल

कॉक्स यांची पद्धत वीस वर्षं संशोधकांच्याच हातात राहिली. तेल कंपन्यांना ध्वनीची पद्धत पुरेशी होती, आणि खोल समुद्रात विहीर खणण्याची ऐपतही तेव्हा बेताची होती. मग खणकाम खोल पाण्यात गेलं, एकेका विहिरीचा खर्च अफाट झाला आणि प्रश्न बदलला: खणण्याआधी कळेल का, की या थरात तेल-वायू आहे की नुसतं खारं पाणी? नॉर्वेतल्या स्टॅटऑइल कंपनीतले स्वेन एलिंग्सरूड आणि तेर्ये आयडेस्मो यांनी २००० मध्ये अंगोलाच्या किनाऱ्यापुढे, जिथे तेल आहे हे आधीच ठाऊक होतं अशा जागी, चाचणी घडवून आणली. स्क्रिप्सचे आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक बरोबर होते. साठ्यावरून गेलेला संकेत ठळक वाढलेला दिसला. दोन वर्षांत यासाठी खास कंपनी निघाली.

विजेचा ध्वनीवर नेमका कुठे सरसपणा आहे? खडकाचे कण स्वतः वीज वाहत नाहीत. वाहतं ते त्यांच्या फटींतलं खारं पाणी. आपण खडक मोजतो म्हणतो खरं, पण मोजतो ते बहुधा खडकातलं पाणी. गस आर्ची या अमेरिकन अभियंत्याने १९४२ मध्ये याचा नियम दिला, आणि तो आजही कामाला येतो. त्या नियमाने साधारण असं होतं: फटींतलं पाणी हटून तिथे तेल आलं आणि पाणी फक्त एक पंचमांश उरलं, तर रोधकता पंचवीसपट होते. पण फटींत पाच टक्केच वायू असला, तर रोधकता दहा-अकरा टक्क्यांनी वाढते, म्हणजे न वाढल्यासारखीच. ध्वनीचं उलटं आहे. पाच टक्के वायूनेही ध्वनीचा वेग चांगलाच खाली येतो, आलेखावर चकचकीत पट्टा दिसतो, आणि कंपनी विहीर खणते. खाली निघतं सोड्याच्या बाटलीतलं पाणी. विजेच्या मोजणीने अशी विहीर टाळता येते.

इथवर ऐकून वाटेल की आता प्रश्नच मिटला. तसं झालं नाही. कारण उंच आकडा फक्त तेलाचाच नसतो. मिठाचा थर रोधक, बेसॉल्ट रोधक, घट्ट चुनखडी रोधक. थंड खोल समुद्रात मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा गॅस हायड्रेट बनतो, तोही रोधक. आणि गोडं पाणी रोधक! सुरुवातीच्या उत्साहात रोधकता वाढली म्हणजे तेल, असं समीकरण काहींनी मांडलं. त्यांच्या काही विहिरी कोरड्या निघाल्या आणि बाजारातला उत्साह ओसरला. माझ्या मते दोष पद्धतीचा नव्हता. तिने आकडा बरोबरच सांगितला होता. तिला जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर तिच्या तोंडी घातलं गेलं.

दुसरी मर्यादा चित्राच्या अस्पष्टपणाची. ध्वनीची लाट थरावर आपटून परत येते, म्हणून थराची कड स्पष्ट दिसते. आपला संथ विद्युतचुंबकीय संकेत आपटत नाही, तो भिंतीतून उष्णता झिरपावी तसा झिरपतो. म्हणून चित्र धूसर. शिवाय एकाच मोजणीला खडकाची असंख्य चित्रं जुळतात. स्टीव्हन कॉन्स्टेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये यावर एक प्रामाणिक तोडगा काढला: मोजणीला जुळणाऱ्या चित्रांपैकी सगळ्यात गुळगुळीत, सगळ्यात साधं चित्र निवडायचं. त्यात जर एखादा उंचवटा राहिला, तर तो मोजणीने भाग पाडलं म्हणून राहिला असं धरता येतं. म्हणून या शाखेतली रंगीत चित्रं पाहताना लक्षात ठेवा, त्यांचा मऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो. खाली खडकाची कड तीक्ष्णही असू शकेल. ती कड ध्वनीने शोधायची आणि आतला पदार्थ विजेने. दोन्ही एकत्र वापरतात ते यासाठी.

आपल्याकडचा बेसॉल्ट

ध्वनी जिथे सरळ अडतो अशी एक जागा आपल्याच दारात आहे. दख्खनचा बेसॉल्ट सह्याद्रीपाशी संपत नाही, पश्चिम किनाऱ्यापुढे अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलेला आहे. थरावर थर असलेला हा कठीण खडक ध्वनीला परत फेकतो, विखुरतो, आणि खालचे जुने गाळाचे थर झाकले जातात. केरळ-कोकण खोऱ्यात तेल शोधणाऱ्यांची हीच डोकेदुखी आहे. वीज मात्र बेसॉल्टमधून सहज जाते, आणि खाली ओला गाळ असेल तर तो वाहक म्हणून उठून दिसतो. जमिनीवर हे सिद्ध झालेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात सौराष्ट्रात निसर्गाच्या स्रोताची मोजणी केली आणि बेसॉल्टखाली मध्यजीव काळातले गाळाचे थर दाखवले. उलट कोयनेत, १९६७ च्या भूकंपाचं मूळ शोधण्यासाठी जे खोल खणकाम पुढे झालं, त्यात १५२२ मीटरच्या विहिरीत सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटी खडक. मध्ये गाळ नाहीच. म्हणजे वरून एकच काळा दगड दिसत असला तरी खालचं उत्तर जागोजाग वेगळं आहे.

तेल शोधता शोधता पाणी

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीकडे येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढे, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सच्या समोर, १९७० च्या दशकात समुद्रतळात खणताना काही ठिकाणी चक्क कमी खारं, जवळजवळ गोडं पाणी लागलं होतं. किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटरवर. पण चार-दोन विहिरींवरून काय कळणार? तो तुटक तुकडा आहे की सलग साठा?

२०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट वेधशाळेचे केरी की आणि वुड्स होल संस्थेचे रॉब इव्हान्स यांनी दहा दिवसांची मोहीम काढली. तळावर मापक ठेवून निसर्गाचा स्रोत ऐकला, आणि जहाजामागे पृष्ठभागावरून तार ओढत आपला स्रोतही वापरला. हीच अवजारं तेलासाठी घडवलेली. क्लोई गुस्ताफ्सन यांच्याबरोबर २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: किनाऱ्यापासून सुमारे ९० किलोमीटरपर्यंत पसरलेला, तळाखाली काही शे मीटरवर असलेला, कमी खाऱ्या पाण्याचा सलग साठा. अंदाज किमान २८०० घन किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर कोयना धरण काठोकाठ भरलं तर १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास तीन घन किलोमीटर. कोयनेसारखी नऊशेहून जास्त धरणं.

हे पाणी तिथे आलं कुठून? हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज बुडालेला हा पट्टा तेव्हा जमीन होता, त्याच्यावर पाऊस पडत होता, उत्तरेकडच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी वाळूत दाबलं जात होतं. मग समुद्र वर आला आणि चिकणमातीच्या थरांनी वरून झाकण घातलं. शिवाय साठा काही ठिकाणी जमिनीवरच्या जलधरांना जोडलेला दिसतो, म्हणजे थोडं पाणी आजही किनाऱ्याकडून जात असावं.

पण वरचा मुद्दा आठवा. हाती आकडा होता रोधकतेचा. त्याला 'गोडं पाणी' हे नाव देण्याचं धाडस त्यांनी केलं ते जुन्या विहिरी शेजारी होत्या म्हणून, आणि त्या भागात मीठ किंवा बेसॉल्ट असण्याचं कारण नव्हतं म्हणून. खरी परीक्षा २०२५ च्या उन्हाळ्यात झाली. केप कॉडच्या दक्षिणेला एक तरंगता मंच तीन पायांवर समुद्रात उभा केला, तळाखाली जवळजवळ ४०० मीटरपर्यंत खणलं आणि सुमारे ५० हजार लिटर पाणी वर काढलं. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ असतं. यातल्या काही नमुन्यांत ते एक ग्रॅमच्या आसपास होतं. नाव बरोबर ठरलं.

आकड्याला नाव देणं नेहमी इतकं सुखासुखी होत नाही. केरी की आणि त्यांचे सहकारी २०१० मध्ये निकाराग्वासमोर गेले होते ते समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली वाकताना किती पाणी बरोबर नेतो हे बघायला. २०१३ मध्ये समर नैफ यांच्या नावाने निष्कर्ष आला तो भलताच: ४५ ते ७० किलोमीटर खोलीवर एक अतिशय वाहक पट्टा. भूपट्टाच्या बुडाशी अंशतः वितळलेल्या खडकाचा थर, ज्याच्यावरून भूपट्ट सरकतो, असा त्यांनी अर्थ लावला. वितळलेला खडक वीज वाहतोच. पण घन खडकाच्या स्फटिकांत हायड्रोजन अडकला असेल तरी वाहकता वाढते, असं प्रयोगशाळेतली काही मंडळी म्हणतात. इथे तपासायला विहीर खणता येत नाही. आजवरची सगळ्यात खोल विहीर बारा किलोमीटरच्या थोडी पुढे गेलेली आहे. तेव्हा हा वाद ध्वनीच्या मोजणीने आणि प्रयोगशाळेतल्या दाबयंत्रांनीच पुढे सरकेल.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: इतकी वीज समुद्रात सोडल्यावर माशांना त्रास होत नाही का?*

शार्क आणि पाकट यांना विजेची फार सूक्ष्म जाणीव असते, त्यावरच ते वाळूत दडलेली शिकार शोधतात. तेव्हा स्रोताच्या जवळून जाताना त्यांना तो नक्की जाणवत असणार. पण क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं आणि स्रोत एका जागी थांबत नाही. ध्वनीच्या सर्वेक्षणात हवेच्या तोफा वाजवतात, त्यांचा आवाज देवमाशांना फार दूरवर पोचतो. त्या मानाने हा उपद्रव लहान भागापुरता राहतो.

*प्रश्न: उथळ समुद्रात ही पद्धत चालते का? तुम्ही उदाहरणं बहुतेक खोल पाण्याची दिलीत.*

बरोबर पकडलंत. उथळ पाण्यात संकेत वर पृष्ठभागापर्यंत सहज जातो, तिथून हवेतून न झिजता धावतो आणि मापकापाशी पुन्हा खाली उतरतो. म्हणजे जमिनीवरची अडचण परत आलीच. त्यावर उपाय निघाले आहेत, उदाहरणार्थ तारही छोटी आणि मापकही जहाजामागेच जवळ ओढायचा, म्हणजे हवेच्या वाटेला फारसा वाव राहत नाही. पण मग खूप खोलवरचं दिसत नाही. न्यू जर्सीपुढचं पाणी काही शे मीटरवरच होतं, म्हणून तिथे भागलं.

*प्रश्न: आमच्याकडे रत्नागिरीत खाडीकाठच्या विहिरी मार्चपासून मचूळ होतात. कोकणासमोरही समुद्राखाली असं गोडं पाणी असेल का?*

अर्धी परिस्थिती सारखी आहे. समुद्र १२० मीटर खाली गेला तो सगळीकडे. मुंबईसमोरचा उथळ पट्टा तर तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, तोही तेव्हा बराचसा जमीन होता आणि त्याच्यावर पाऊस पडत होता. अर्धी परिस्थिती वेगळी आहे. तिथे वाळूचे जाड थर आणि वर चिकणमातीचं झाकण आहे. हिमनद्यांचा दाबही होता. आपल्याकडे हिमनद्या नव्हत्या, आणि किनाऱ्याला जांभा आणि बेसॉल्ट आहे. हवाईच्या बेटापुढे, तिथेही बेसॉल्टच, २०२० मध्ये याच पद्धतीने समुद्राखाली सुमारे साडेतीन घन किलोमीटर गोडं पाणी असल्याचं मांडलं गेलं. पण तो बेसॉल्ट तरुण आणि सच्छिद्र, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. शिवाय आपल्या किनाऱ्यापुढे उंच आकडा आला तर तो गोड्या पाण्याचा की घट्ट बेसॉल्टचा, हे आकड्यावरून ठरणार नाही. एक तरी विहीर सोबत लागेल.

तुमच्या विहिरींचं मात्र जहाजाशिवाय करता येईल. वाहकता मोजायचं खिशात मावणारं यंत्र मिळतं, पाण्यात बुडवलं की आकडा देतं. आज आपण तासभर जी राशी बोललो, तीच ती. खाडीकाठच्या पंधरा-वीस विहिरी घ्या, पावसाळा संपल्यावर एकदा आणि मग मेपर्यंत दर महिन्याला मोजा. खाडीपासूनचं अंतर आणि पाण्याची पातळी शेजारी लिहा. खारं पाणी कुठून आत येतंय ते दोन वर्षांत नकाशावर दिसायला लागेल.